आडगांवचा परवाना

परदेशगमन हा विषय आमच्या वाचकांच्या घरांत आतां नवा राहिलेला नाहीं. थोरला अमेरिकेस, धाकटी जर्मनीस, भाचा सिंगापुरास, अशी विभागणी नगर, संगमनेर, कोपरगांव, श्रीरामपूर येथल्या कोणत्याहि सुशिक्षित कुटुंबांत आज सहज आढळते. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या विषयांत एक निराळा प्रकार शिरला आहे, व त्याविषयीं घरांतील वडील मंडळींची माहिती बेताचीच असते असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. पूर्वीं परवाना देशाचा मिळे. आतां तो देशांतल्या एका विशिष्ट भागापुरताहि मिळूं लागला आहे. ‘आमच्याकडे अवश्य या; मात्र आमच्या मोठ्या शहरांत राहूं नका. बाहेरच्या भागांत राहा, तेथें तीन वर्षें काम करा, मग कायमच्या वास्तव्याचें पाहूं,’ असा हा सौदा आहे. त्यावर सही मुलाची किंवा मुलीची असते हें खरें; परंतु बांधलें जातें तें सारें घर. यास्तव या महिन्यांत त्या सौद्याचें स्वरूप, त्यांतील कलमें, आणि त्यापासून आपण नगरकरांनीं घेण्याजोगा बोध यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या प्रकाराचें सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियाचें आहे. तेथें १६ नोव्हेंबर २०१९ पासून ४९१ व ४९४ या क्रमांकांचे दोन व्हिसे सुरू झाले. पहिल्यास तेथील एखाद्या राज्याचें नामनिर्देशन किंवा बाहेरच्या भागांत राहणाऱ्या पात्र नातलगाचा आधार लागतो. दुसऱ्यास तेथील मालकानें आपणांस नोकरीस घेण्याचें पत्करावें लागतें. दोहोंची मुदत पांच वर्षांची. वय सामान्यतः पंचेचाळिसाच्या आंत असावें लागतें. आणि दोहोंस एकच मुख्य अट जोडलेली आहे, ती ही कीं, नेमून दिलेल्या प्रादेशिक भागांतच राहावें, तेथेंच काम करावें व शिकावयाचें तर तेथेंच शिकावें. सुटीच्या दिवशीं सिडनी पाहावयास जाण्यास कोणी हरकत घेत नाहीं, परंतु तेथें बिऱ्हाड मांडतां येत नाहीं. अशीं तीन वर्षें काढलीं व तीन वर्षांच्या प्राप्तिकराच्या आकारणीचे कागद दाखविले, म्हणजे १९१ क्रमांकाच्या कायम व्हिशासाठीं अर्ज करतां येतो. हा कायम व्हिसा १६ नोव्हेंबर २०२२ पासून, म्हणजे पहिल्या व्हिशांना बरोबर तीन वर्षें झालीं त्या दिवसापासून, खुला झाला. मधल्या तीन वर्षांत दुसऱ्या बहुतेक कायम व्हिशांचे दरवाजे मिटलेले असतात. मध्येंच अट मोडल्यास व्हिसा रद्द होण्याचें भय असतें.

‘प्रादेशिक’ या शब्दानें मात्र कोणी बिचकून जाऊं नये. सिडनी, मेलबर्न व ब्रिस्बेन या तीन महानगरांखेरीज जवळजवळ सारा देश या शब्दांत येतो. ॲडलेड, पर्थ, होबार्ट, इतकेंच नव्हे तर राजधानी कॅनबेराहि त्यांतच मोडते. तेव्हां आडगांव म्हणजे तेथें अकोल्याच्या डोंगरांतील वाडी नव्हे. तरी पण विरळ वस्ती म्हणजे काय असतें याची कल्पना येण्यासाठीं एक तुलना पुरे होईल. टास्मानिया हें त्यांचें बेट-राज्य आपल्या नगर जिल्ह्याच्या चौपट मोठें आहे. आपला जिल्हा सुमारें १७,००० चौरस किलोमीटरांचा, महाराष्ट्रांत क्षेत्रफळानें पहिला; टास्मानिया ६८,००० चौरस किलोमीटरांचें. परंतु २०११ च्या शिरगणतींत आपली लोकसंख्या ४५ लाखांवर भरली होती, तर २०२१ च्या त्यांच्या शिरगणतींत टास्मानियांत साडेपांच लाखांच्या थोडीं वर माणसें होतीं. भूमि चौपट व माणसें अष्टमांश! अशा ठिकाणीं रुग्णालयास परिचारिका मिळत नाहीं, शाळेस शिक्षक मिळत नाहीं, पूल बांधावयास स्थापत्यविशारद मिळत नाहीं. कारण तेथील तरुणहि, आपल्या तरुणांप्रमाणेंच, मोठ्या शहराची वाट धरतात. तेव्हां त्या सरकारनें ही युक्ति काढली. स्वतःच्या मुलांस जेथें ठेवतां येत नाहीं, तेथें दुसऱ्याच्या मुलांस ठेवावयाचें, आणि मोबदला म्हणून नागरिकत्वाकडे नेणारी वाट द्यावयाची.

यांत निंद्य असें कांहीं नाहीं. सौदा उघड आहे व कलमें छापील आहेत. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तीं कलमें घरांतल्या सर्वांनीं वाचावींत. त्यांतलीं तीन तर एकत्र कुटुंबास विशेष लागू पडणारीं आहेत.

पहिलें कलम सुनेविषयींचें आहे. ४९१ च्या व्हिशास गुणांची पद्धति आहे व किमान ६५ गुण लागतात. समजा, संगमनेरच्या एका घरांतील एकतीस वर्षांचा इंजिनीअर अर्ज करतो. वयाचे ३०, पदवीचे १५, इंग्रजीच्या चांगल्या परीक्षेचे १०, आणि सहा वर्षांच्या अनुभवाचे १० असे त्याचे ६५ होतात. राज्यानें नामनिर्देश केला तर आणखी १५. परंतु ६५ हा केवळ उंबरठा आहे. निमंत्रण बहुधा अधिक गुणवाल्यांस जातें. आतां त्याची पत्नीहि पात्र यादींतल्या व्यवसायाची असेल, तिच्या कौशल्याची रीतसर तपासणी झालेली असेल व तिला आवश्यक तेवढें इंग्रजी येत असेल, तर आणखी १० गुण मिळतात. केवळ इंग्रजी असेल तर ५. दोन्ही नसल्यास शून्य. अविवाहितासहि १० गुण मिळतात, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे; म्हणजे शिकलेल्या सुनेची नोकरी लग्नानंतर सोडावयास लावून तिला घरीं बसविणारें कुटुंब, या हिशेबांत, मुलगा ब्रह्मचारी असता तर जितका पुढें असता त्याहून त्यास मागें ढकलतें! पुष्कळदां तर मुख्य अर्जदार सूनच असणें श्रेयस्कर ठरतें. परिचारिका व बालशिक्षिका यांची त्या भागांत मोठी वाण आहे, आणि तिच्या अर्जांत पति ‘कुटुंबीय’ म्हणून मागाहून जाऊं शकतो. हें ऐकून कांहीं सासूबाईंच्या कपाळास आंठी पडेल. परंतु सरकारी कागद आंठ्या मोजीत नाहींत, गुण मोजतात.

दुसरें कलम वडीलधाऱ्यांविषयींचें आहे. ‘मुलगा तिकडे स्थिरावला कीं आम्हीहि जाऊं’ असें समजून वाड्याचा किंवा मळ्याचा व्यवहार उरकणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, तात्पुरत्या व्हिशावर असलेल्या मुलास आईबापांना कायमचें बोलावितां येत नाहीं; तो अधिकार कायम रहिवासी किंवा नागरिक यांचा. तो मिळाल्यावरहि आईबापांच्या कायम व्हिशांची रांग फार लांब आहे; त्यांतल्या कमी खर्चाच्या प्रकारास आज तिकडचें सरकारच तीस वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागेल असें सांगतें. साठीच्या माणसास तीस वर्षांचा वायदा म्हणजे काय, हें सांगणें नको. तेव्हां पाहुण्यांच्या व्हिशावर नातवंडास खेळवावयास जाऊन परत येणें, हेंच बहुतेकांच्या वांट्यास येणार. तें वाईट नव्हे. परंतु परतावयाचें असेल तर परतावयास घर हवें. तें मुलाच्या खर्चासाठीं विकूं नये.

तिसरें कलम दलालांविषयींचें आहे, व तें छापील कागदांत ठळकपणें दिसत नाहीं. ऑस्ट्रेलियांत राहून व्हिशाचा सल्ला देण्याचा धंदा करणाऱ्यास सरकारी नोंदणी लागते. प्रत्येकाचा क्रमांक असतो व ती नोंदवही कोणासहि पाहतां येते. परंतु भारतांत बसून सल्ला देणाऱ्यावर ती नोंदणीची सक्ति नाहीं. म्हणून जो गृहस्थ आपणांस ‘हमी’ देतो त्यास प्रथम क्रमांक विचारावा. क्रमांक असो वा नसो, हमी देणाऱ्यापासून मात्र दूरच राहावें, कारण तशी हमी त्या देशाचा मंत्रीहि देत नाहीं. व्यवसायाची तपासणी निरनिराळ्या संस्था करतात, इंजिनीअरांची एक, संगणकवाल्यांची दुसरी, परिचारिकांची तिसरी. आणि तींत उत्तीर्ण होणें म्हणजे तेथें व्यवसाय करण्याची परवानगी मिळणें नव्हे. परिचारिका व डॉक्टर यांस तेथील व्यावसायिक नोंदणी निराळी करावी लागते. हा फरक न कळल्यामुळें शिकलेलीं माणसें तिकडे जाऊन भलतींच कामें करीत बसतात. शिवाय हे नियम वरचेवर बदलतात. यास्तव या लेखावर विसंबून न राहतां अर्ज करतेवेळीं त्या सरकारचें ताजें पत्रक स्वतः वाचावें.

येथपर्यंत घराचा विचार झाला. परंतु हा विषय येथें सोडणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं, कारण माणसास अटीनें बांधून दूरच्या कामावर नेण्याची रीत आपल्या जिल्ह्यास मुळींच परकी नाहीं. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडीस निघतात. मुकादम त्यांस आगाऊ ‘उचल’ देतो, आणि ती फिटेपर्यंत हंगामभर तीं त्याला बांधलेलीं असतात. त्या धंद्याच्या बोलींत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. स्त्री तोडलेला ऊस बांधते, मोळी डोक्यावर वाहते, परंतु हिशेबांत ती स्वतंत्र नसते. परदेशच्या कागदांत पत्नीचे दहा गुण स्वतंत्र मोजले जातात याचें ज्यांस कौतुक वाटेल, त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांत अर्ध्या कोयत्याचा हिशेब काय होतो हेंहि मनांत आणावें. आपला मुलगा बॅंकेचें कर्ज काढून तीन वर्षांच्या अटीवर जातो, त्यांचा मुलगा उचल घेऊन सहा महिन्यांच्या अटीवर जातो. भेद एवढाच कीं, आपल्या मुलाच्या अटीच्या शेवटीं एक दार आहे. त्यांच्या अटीच्या शेवटीं पुढल्या वर्षाची उचल आहे. हा भेद लहान नव्हे.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, अटीनें माणूस एखाद्या ठिकाणीं खरोखर वसतो काय? कॅनडाची गोष्ट या बाबतींत बोधप्रद आहे. तेथेंहि मॅनिटोबासारख्या प्रांतांनीं १९९८ पासून स्वतःकडे कुशल लोक बोलावण्यास आरंभ केला. परंतु तेथें कायम वास्तव्याचा हक्क आधीं मिळतो, आणि तो मिळालेल्यास देशांत कोठेंहि राहण्याची मुभा त्यांच्या राज्यघटनेनेंच दिली आहे. त्यामुळें नकोसा वाटल्यास माणूस प्रांत सोडून टोरांटोस जाऊं शकतो, व प्रांतास हात चोळीत बसावें लागतें. ऑस्ट्रेलियानें म्हणूनच हक्क शेवटीं ठेवला व अट आधीं. पण चौथ्या वर्षीं तेथेंहि प्रश्न तोच उभा राहतो. कायमचा कागद हातीं आल्यावर होबार्टमध्यें राहावयाचें कीं मेलबर्न गांठावयाचें, हें शेवटीं त्या घराच्या मनावर आहे. अट माणसास अडविते. वसविण्यास आणखी कांहीं लागतें.

तें ‘आणखी कांहीं’ काय, हें शिकण्यास आपणांस समुद्र ओलांडावयास नको. ज्या पुण्यशील स्त्रीचें नांव २०२४ सालीं आपल्या जिल्ह्यास मिळालें, त्या अहिल्याबाई १७२५ सालीं जामखेड तालुक्यांतील चोंडी येथें जन्मल्या. पुढें इंदूर संस्थानची धुरा त्यांजकडे आली तेव्हां त्यांनीं नर्मदाकांठच्या महेश्वरास राजधानी केली, आणि दूरदूरचे कुशल विणकर आणून तेथें वसविले. त्या वेळीं महेश्वर कांहीं मोठें शहर नव्हतें. परंतु विणकरास माग चालविण्यास जागा मिळाली, विणलेल्या वस्त्रास दरबारचें गिऱ्हाईक मिळालें, आणि कसबास मान मिळाला. अडीचशें वर्षांच्या सुमारास लोटलीं, राज्य गेलें, महेश्वरी लुगडें मात्र आजहि तेथें विणलें जातें. पोट आणि मान हीं दोन्ही एका ठिकाणीं मिळालीं म्हणजे माणूस मुळें धरतो, याचें याहून चांगलें प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या जिल्ह्यांत आलेल्या कुशल माणसांचाहि दाखला आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत गोदावरी व प्रवरेचे कालवे निघाले. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. पाणी आलें, पण बारमाही बागाईत करण्याची संवय येथल्या कोरडवाहू शेतकऱ्यास नव्हती. तेव्हां नीरेच्या कालव्यावर उसाची विद्या शिकलेले सासवडकडील माळी बागाईतदार कोपरगांव व श्रीरामपूरच्या बाजूस आले, खंडानें जमिनी घेतल्या व ऊस करूं लागले. त्यांस कोणी तीन वर्षांची अट घातली नव्हती. खात्रीचें पाणी आणि मालास बाजार, एवढें पाहून ते आले आणि पुष्कळसे येथलेच झाले. स्थानिक शेतकरीहि ती विद्या शिकला. १९५० सालीं प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो याच भूमींत.

आणि विद्या घेऊन परदेशाहून मुद्दाम आडगांवीं आलेलीं माणसें पाहावयाचीं असतील तर जामखेडास जावें. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेलोरला वैद्यक शिकलें, पुढें अमेरिकेंत शिकलें, व १९७० सालीं या अवर्षणाच्या मुलखांत येऊन राहिलें. अमेरिकेंत राहते तर कोणी त्यांस नांवें ठेविलीं नसतीं. त्यांनीं केवळ दवाखाना काढला असता तर तो त्यांच्याबरोबरच संपला असता. त्यांनीं गांवोगांवच्या बायका, कित्येक तर अक्षरशत्रु, हाताशीं धरल्या आणि बाळंतपण, पोषण, स्वच्छता, साध्या आजारांवरचे उपचार हें सारें त्यांस शिकवून गांवाचें आरोग्य त्यांच्या हवालीं केलें. १९७९ सालीं दोघांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आज उभयतां हयात नाहींत. परंतु काम चालूं आहे, आणि परदेशांतील लोक तें शिकावयास जामखेडला येतात.

याच्या शेजारीं आपल्या राज्याची वैद्यकीय सेवेची अट ठेवून पाहावी. सरकारी महाविद्यालयांतून डॉक्टर झालेल्यानें एक वर्ष सरकारी सेवेंत काढावें असा करार घेतला जातो. पुष्कळ वर्षें दहा लाख रुपये भरून त्यांतून सुटतां येत असे, व सुटणारे सुटतहि असत. जो वर्ष भरतो तोहि बहुधा दिवस मोजीत भरतो. कारण त्या खेड्यांत राहावयास धड घर नाहीं, औषधांचा पुरवठा बेभरवशाचा, मुलास शाळा नाहीं, आणि चार शब्द बोलावयास समविद्य सोबती नाहीं. त्यास दोष देणें सोपें आहे. परंतु तोच तरुण ऑस्ट्रेलियांतील एखाद्या लहान गांवीं आनंदानें राहतो, तेव्हां त्याला आडगांवाचा तिटकारा आहे असें म्हणतां येत नाहीं. त्याला तिटकारा आहे तो गैरसोयीचा व निरुपयोगी ठरण्याचा.

तात्पर्य, आमची सूचना दुहेरी आहे. ज्या घरांतून मुलगा-सून असा परवाना घेऊन निघत असतील, त्या घरानें त्यांस अडवूं नये. परंतु निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसून तीं कलमें मोठ्यानें वाचावींत, सुनेच्या व्यवसायाचा विचार मुलाच्या व्यवसायाइतक्याच गांभीर्यानें करावा, खर्चाचा आंकडा कागदावर मांडावा, आणि तीन वर्षांनीं मनासारखें न झाल्यास परत येण्याचा रस्ता आजच मोकळा ठेवावा. परत येणाऱ्यास ‘हरून आला’ असें आमच्या समाजांत सहज म्हटलें जातें. तो शब्द ज्या घरांत उच्चारला जाणार नाहीं, त्या घरचीं मुलें परदेशींहि निर्धास्त राहतील.

दुसरी सूचना आपल्या गांवांसाठीं. आपल्या तालुक्यास डॉक्टर, शिक्षक, शेतीतज्ज्ञ हवा असेल तर सरकारनें अट घालावी अशी मागणी करून स्वस्थ बसूं नये. आलेल्या माणसास भाड्यानें घर देतांना त्याची जात विचारूं नये. त्याच्या बायकोसहि योग्य काम मिळेल असें पाहावें. त्याच्या मुलांस आपल्या मुलांत मिसळूं द्यावें. आणि त्याचें कसब गांवांतल्या कोणाच्या तरी हातीं उतरेल अशी व्यवस्था करावी. हें करण्यास परदेशच्या पैशाची गरज नाहीं. दूर होबार्टला एखाद्या शेजाऱ्यानें आपल्या सुनेस पहिल्या थंडींत घरीं बोलावून जेवूं घातलें, तर आपण त्याचें नांव वर्षानुवर्षें घेऊं. तसेंच आपलेंहि नांव कोणीतरी दूरच्या गांवीं घ्यावें, इतकें तर आपल्या हातांत खास आहे.